गावदेवीचा तांदूळ आणि सरांचं तेल

आमचे सर तेल चाखून बघत. करंगळी बाटलीत बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि छताकडे तोंड करून थोडा वेळ तसंच उभं राहायचं. मग ते "झालं" किंवा "अजून नाही" एवढंच म्हणत. ज्या प्रयोगशाळेत हे चाले तिथे तेलाचा आंबटपणा मोजायचं साधन होतं, ते उत्तम चालत होतं, आणि त्याच्या तपासणीचे कागद मीच फाईलला लावत असे. मी दोन महिने सरांच्या जिभेचा निकाल आणि साधनाचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवला. जीभ दोनदाच चुकली, आणि त्यातल्या एका दिवशी सरांना सर्दी झाली होती.

तुम्ही दोघं हे तोंड वाकडं करून वाचत असाल. परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तू कधी खराखुरा सायंटिस्ट पाहिलायस का?" तेव्हा मला सर आठवले, पण त्यांच्याविषयी फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहून पाठवते आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र कुणी काहीही चाखायचं नाही.

सरांची ही प्रयोगशाळा ज्या कारखान्यात होती तिथे मी पोहोचले ती तुमच्या आजोबांमुळे. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी वर्तकनगरच्या घरातली सगळी कपाटं लावली. ती लावून झाली तेव्हा मी आजोबांच्या टेबलाकडे वळले, आणि त्यांनी घाबरून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. या मुलाचा डोंबिवलीच्या एमआयडीसीत यंत्रांची तेलं आणि ग्रीस बनवायचा लहानसा कारखाना आहे. त्याला कसलंसं प्रमाणपत्र मिळवायचं होतं, आणि त्यासाठी प्रत्येक कागद जागच्या जागी हवा होता.

"मॅडम," तो मला म्हणाला, "तीन वर्षं तुम्ही मला लायब्ररीत एक शब्द बोलू दिला नाहीत. मला अगदी तसंच कोणीतरी पाहिजे."

पहिल्या दिवशी त्याने कारखाना दाखवला. पुढे ड्रम, मध्ये ग्रीस घोटायच्या मोठ्या कढया, आणि सगळ्यात मागे एक बंद दाराची खोली. दाराजवळ गेल्यावर शिळा भात, ओलं गोणपाट आणि पिकलेलं केळं एकत्र केल्यासारखा वास आला.

"इथे सर बसतात," तो हळूच म्हणाला. "बाबांच्या वेळेपासून आहेत. माणूस जीनियस आहे मॅडम, पण..." एवढं बोलून त्याने दार उघडलं आणि स्वतः बाहेरच थांबला.

आत सत्तरी ओलांडलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ एका ट्रेवर ओलं फडकं पसरत होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"तुमच्या घरी उरतं काय?"

"म्हणजे?"

"स्वयंपाकघरात हो. साली, गाळ, तळणीचं तेल. रोजचं काय उरतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी मोजूनच करते."

त्यांचा चेहरा खरोखर पडला. "मग आपण बोलायचं तरी काय?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. आपण 'कसे आहात' म्हणतो तिथे ते 'काय उरतं' म्हणत. फरसाणवाल्याला विचारत, रसवंतीवाल्याला विचारत. भाचीच्या लग्नात ते जेवण सोडून आचाऱ्याच्या कढईपाशी इतका वेळ उभे राहिले, की वरपक्षाला ते केटररचे भागीदार वाटले आणि त्यांनी जिलबी कमी पडल्याची तक्रार सरांकडेच केली. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापसाचे बोळे असताना, त्यांनी डॉक्टरांनाही हाच प्रश्न घातला. डॉक्टर म्हणाले, "आज एक पेशंट उरलाय. आ करा."

आता त्यांचं काम सांगते. गिरणीत भात भरडला की तांदळाबरोबर कोंडा निघतो. कोंड्यापासून खायचं तेल काढतात, आणि ते शुद्ध करताना आंबट, मेणचट असं काहीतरी बाजूला पडतं. दुसरीकडे, उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढतात तिथे घाणेरड्या वासाचा एक तेलकट द्रव बाजूला निघतो. ही दोन्ही कुणाला नको असतात. सर त्या दोघांचं लग्न लावून देत, आणि त्यातून सोनेरी, पातळ, मशीनला घालायचं तेल तयार होई. मातीत सांडलं तरी काही दिवसांत जिरून जाणारं.

लग्न लावायला कुणीतरी मध्यस्थ लागतो. पुष्कळ ठिकाणी हे काम जहाल आम्ल आणि भट्टीची आच मिळून करतात. सरांकडे ते एन्झाइम करत. एन्झाइम म्हणजे ठरावीक काम करणारं प्रथिन. तुम्ही सकाळी खाल्लेलं लोणी आत्ता तुमच्या पोटात त्याच्याच नातेवाईकांच्या ताब्यात आहे. सर ते विकत आणत नसत. शेंगदाण्याचं तेल गाळल्यावर जी पेंड राहते (पाहा, तीही उरलेलीच) ती ओली करून तिच्यावर ते एक बुरशी वाढवत. बुरशी पेंडीतलं उरलंसुरलं तेल पचवायला एन्झाइम सोडते. चार-पाच दिवसांनी ती पेंड वाळवून, दळून सर तिची तपकिरी पूड करत. या पुडीला ते 'माझे कामकरी' म्हणत.

कामकऱ्यांची बडदास्त मोठी होती. त्यांना ऊब हवी, पण चटका चालायचा नाही. ढवळायचं ते आईने तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं. आणि दोन्ही पदार्थ जुळताना थोडं पाणी सुटतं ते सतत काढून घ्यायचं, कारण पाणी साठलं की हेच कामकरी उलटं काम सुरू करतात आणि जोडलेलं तोडायला बसतात. सरांनी मला हे पहिल्या आठवड्यातच समजावलं होतं. पुढे जे घडलं ते यामुळेच घडलं, म्हणून तुम्हालाही आधीच सांगून ठेवते.

प्रमाणपत्राच्या तपासणीला एक गृहस्थ आले तेव्हा ट्रेमधली पांढरी लव बघून दोन पावलं मागे सरले. "हे खराब झालंय. टाकून द्या."

सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी विरजण लावतात ना? दूध खराब झालं म्हणून टाकता का?"

त्या गृहस्थांनी वहीत बरंच काही लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक ट्रेवर पाटी लावली: 'ही बुरशी मुद्दाम वाढवलेली आहे.' सर पाटी वाचून म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांना नावारूपाला आणलंत." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली असं मी धरते.

त्यांच्या खिशात ड्रॉपर लावलेली एक छोटी बाटली असे. कुठे कुरकुर ऐकू आली, की बोलता बोलता थांबून ते बिजागरीत दोन थेंब सोडत आणि बोलणं तिथूनच पुढे चालू करत. सोसायट्यांचे झोपाळे, शाळेचं फाटक, बँकेतलं मॅनेजरच्या केबिनचं दार. परवानगी मागायची त्यांना आठवणच होत नसे. आमच्याकडे चहाला आले तेव्हा दहा मिनिटांत बाल्कनीचं दार आणि स्वयंपाकघरातली ट्रॉली मुकी झाली. तेवढ्यात आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांचा गुडघा कडकन वाजला. सरांनी मान वळवली. आजोबा पुन्हा बसले, ते सर जाईपर्यंत उठले नाहीत.

एका बाबतीत मात्र सर कुणाचं ऐकत नसत, अगदी माझंही. तेल तयार झालं की पूड कापडातून गाळून काढायची. पण कितीही गाळा, थोडी बारीक पूड तेलात राहतेच. म्हणून शेवटी तेल चांगलं कढत करायचं असतं, म्हणजे राहिलेलं एन्झाइम निकामी होतं. त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या कृतीत ही पायरी होती. ते ती करत नसत.

"काम करून घेतलं आणि मग मारायचं?" ते म्हणत. "राहू द्या की चार जण तेलात. कुणाचं काय खातात?"

"सर, ते जिवंत नसतात. प्रथिन आहे ते. मरणार कसं?"

"देवळातली मूर्ती जिवंत असते का? तरी लाथ मारता का तुम्ही?"

मी रजिस्टरमध्ये लाल शाईने 'तेल तापवले नाही' असं लिहीत गेले. तीन वेळा लिहिलं.

अशात एक दिवस आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातून एक काकी आल्या. साठीच्या आसपास, ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू, मनगटात जाड सोन्याच्या पाटल्या. त्यांच्या घरची शेती आता बरीचशी इमारतींखाली गेली होती, पण सासऱ्यांनी घातलेली भाताची गिरणी काकींनी चालू ठेवली होती. गावात ज्याची म्हणून दोन खाचरं उरली होती त्याचा भात तिथेच यायचा. गिरणीची मोठी चाळणी ज्या दांड्यावर हलते त्याच्या दोन्ही टोकांना पितळी बुश असतात, म्हणजे ज्यांच्यात दांडा फिरतो त्या जाड बांगड्या. त्यांना सतत तेल लागतं. काकींचा मिस्त्री त्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतायचा.

"मना काला तेल नको," काकी मालकाला सांगत होत्या. "तांदलावर ठिपका परतं. भाकरी केली का दिसतं. लोकं माज्या तोंडावर काय बोलत नाय, पन बाजूच्या गावान जातान दलायला."

सर मागच्या खोलीतून बाहेर आले. "काकी, तुमच्याकडे उरतं काय?"

"आं?"

"गिरणीत. तांदूळ निघाल्यावर."

"तूस हाय, कोंडा हाय. कोंडा टेम्पोवाला नेतं तेलवाल्याला."

सरांनी टाळी वाजवली. काकींना हाताला धरून आत नेलं आणि मेणचट गोळ्याचा डबा नाकाखाली धरला. "हा तुमचा कोंडा. तेलवाल्याकडून फिरून माझ्याकडे आलाय. याचंच तेल करतो मी. पांढऱ्या तांदळावर पडलं तरी दिसायचं नाही."

काकींनी डब्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "मंजी माजाच कोंडा मनाच इकताव?"

सर इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. काकीही हसल्या. तेल घेऊन बघायला त्या तयार झाल्या, पण निघताना बोट दाखवून म्हणाल्या, "आयका मास्तर. नवीन भात आला का गावदेवीचा तांदूल पयला माज्या गिरनीवरशी निंगतं. सासऱ्यापासून हाय ता. त्या दिशी मशीन थांबली त मी तुमाला सोरनार नाय."

आता मालकाचंही ऐका, तो काही दुष्ट नव्हता. सरांची खोली कारखान्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढी होती, आणि सरांच्या तेलाला एकही नेमाचं गिऱ्हाईक नव्हतं. ड्रम रस्त्यावर यायला लागले होते. काकी गेल्यावर त्याने सरांना आणि मला समोर बसवलं.

"सर, मी क्लिअर बोलतो हां. काकींची गिरणी पूर्ण सीझन या तेलावर चालली, तर खोली तुमची. पुन्हा विषय काढणार नाही. पण नाही चालली तर मला तिथे ड्रम ठेवू द्या. प्लीज. मला खरंच जागा नाहीये."

"ठीक आहे," सर म्हणाले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा हात खिशातल्या बाटलीवर होता, आणि वाटेतलं एक कुरकुरणारं दार त्यांनी तसंच कुरकुरू दिलं. त्यावरून मला कळलं की ते घाबरले आहेत. त्यांना घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. ती खोली गेली तर त्यांनी सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न होता.

खंडेनवमीच्या दिवशी सर स्वतः तेल घेऊन गेले आणि दोन्ही बुशांवरच्या झाकणाच्या वाट्या भरून आले. मिस्त्रीने जळकं ऑइल पुसून काढलं होतं. गिरणी मग दोन-तीन आठवडे बंदच राहणार होती, भात तयार होईपर्यंत.

गावदेवीच्या तांदळाच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो: सर, मालक आणि मी. गिरणीपुढे मांडव, झेंडूच्या माळा, नऊवारीतल्या बायका, पाटीत देवीचा भात. काकींनी मशीनला नमस्कार केला आणि बटण दाबलं. चाळणी हलायला लागली. सर डोळे मिटून ऐकत होते. आधी सगळं ठीक होतं. मग कुठूनतरी पिपाणीसारखा बारीक आवाज सुरू झाला, तो वाढत गेला, दांड्याजवळून धूर निघाला आणि मिस्त्रीने धावत जाऊन मशीन बंद केली.

मांडवातल्या बायका उठून दाराशी आल्या.

सरांनी वाटीचं झाकण काढलं. आत सोनेरी तेलाच्या जागी हिरवट, चिकट, साबणासारखा गाळ होता. तेल खाली उतरायचं भोकच बुजलं होतं. सरांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली.

"आंबट," ते म्हणाले. "तेल तुटलंय. पुन्हा आंबट झालंय, आणि ते पितळ खातंय. पण याला पाणी कुठून मिळालं?"

मी वाकून पाहिलं. झाकणाच्या कडेला हळदकुंकू वाळलं होतं, आणि वाटीच्या आत काथ्याचा एक बारीक तंतू चिकटला होता. मी तो केसातल्या पिनेने उचलून सरांसमोर धरला.

"काकी," सर म्हणाले, "तुम्ही इथे नारळ फोडलात?"

"खंडेनवमीला. तुमी गेल्यावर, झाकन उघरून. तेल नवा, मंग नारल नको?" काकींचा आवाज चढला. "याच दांड्यावर फोरतो आमी, सासऱ्यापासून. जलका ऑइल कवा रुसला नाय नारलावर! तुमचाच येवरा नाजूक?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, जळक्या तेलाला पाणी चालतं, याला का नाही?"

मला उत्तर माहीत होतं. तीन वेळा लाल शाईने लिहिलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं रजिस्टर कुणाला दाखवावंसं वाटेना.

सरच बोलले. "कारण मी तेल तापवलं नाही. कामकरी आत राहिले होते. नारळाचं पाणी मिळालं, दोन आठवडे निवांत मिळाले, त्यांनी सगळं उलगडून ठेवलं. मॅडमनी मला सांगितलं होतं. त्यांनी लिहूनही ठेवलंय."

"मंग आता देवीचा तांदूल?" काकी म्हणाल्या.

मग काकींनीच घरातून जुनं उखळ बाहेर काढायला लावलं, आणि मुसळ सरांच्या हातात दिलं.

"मशीन तुमी थांबवली. आता तुमीच कांडा."

सर कांडायला लागले. पहिल्याच घावाला अर्धा भात बाहेर उडाला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ओ मास्तर, पीठ नाय करायचा, तांदूल करायचा!" "मास्तरांना तेल द्या कुनीतरी, खांदा वाजतंय!" एका आजींनी उठून मुसळ कसं धरायचं ते दाखवलं. मालकाने बाह्या सरसावल्या, मीही चार घाव घातले. घामाघूम होऊन सर मध्येच थांबले आणि आजींना म्हणाले, "तुसात केवढं उरतं हो!" तेव्हा काकीसुद्धा हसल्या. देवीचा तांदूळ दुपारी निघाला, मोडका पण स्वच्छ, आणि मिरवणूक उशिरा का होईना निघाली.

निघताना मालक म्हणाला, "काकी, मी तुम्हाला दुसरं पांढरं ऑइल पाठवतो. बाहेरचं. गॅरंटीचं."

काकी सरांकडे बघत होत्या. "मास्तर, तुमी मना सांगनार ना का नारल फोरू नका म्हनून?"

"नाही," सर म्हणाले. "मशीन तुमचं, देवी तुमची. तेल माझं आहे, तर बदलायला हवं ते तेलाने."

काकींनी थोडा विचार केला. "मंग एक डाव द्या आनून. पन एकच."

परतीच्या रिक्षात मालक म्हणाला, "ओके. एकच. पण ड्रम मी उद्या आणून पॅसेजमध्ये ठेवतोय."

ड्रम खरंच आले. सरांच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना रांग लागली, आणि आत जाताना आम्हाला अंग चोरून जावं लागे. सरांनी नवीन तेल केलं, गाळलं आणि हीटरसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही कराल का?"

मी बटण फिरवलं. ते बाहेर जाऊन ड्रमांमध्ये, दाराकडे पाठ करून थांबले. मी थर्मामीटर बघत होते.

"झालं का हो?"

"अजून नाही."

"आता?"

"झालं, सर."

"सगळे?"

"सगळे."

मग आम्ही दोन बाटल्या लावल्या, एकीत तापवलेलं तेल, एकीत न तापवलेलं. दोन्हींत पितळेचा तुकडा आणि दोन चमचे नारळाचं पाणी. पाचव्या दिवशी न तापवलेली बाटली हिरवी झाली. दुसरीत पाणी तळाशी तसंच बसून होतं आणि वर तेल सोनेरीच राहिलं. सरांनी दोन्ही चाखल्या. त्या दिवशी पॅसेजमधल्या दाराला त्यांनी तेल घातलं.

आंबिवलीला जाताना ते नारळ घेऊन आले. बुश घासून स्वच्छ केले होते. वाट्या भरल्यावर त्यांनी नारळ काकींच्या पुढे केला. "फोडा. इथेच."

"नक्की ना मास्तर? मंग मना बोलू नका."

"फोडा हो."

काकींनी दांड्यावर नारळ फोडला. अर्धं पाणी सरांच्या चपलांवर आणि अर्धं बरोबर वाटीत गेलं. सर झाकण लावून म्हणाले, "आता चालवा."

गिरणी सीझनभर चालली. मी दर आठवड्याला फोन करत असे आणि काकी एकाच शब्दात उत्तर देत असत: "चाल्ली." एकदा मात्र त्या म्हणाल्या, "बाजूच्या गावची लोकं यायला लागलान," आणि फोन ठेवून दिला.

शेवटचा भात भरडून झाल्यावर त्या स्वतः कारखान्यात आल्या. हातात तांदळाची पिशवी, आणि रुमालात बांधलेला एक पितळी बुश. त्यांनी तो मालकाच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवला. मालकाने तो उचलून आतून बोट फिरवलं, उजेडात धरला, नखाने खरवडून पाहिला. बुश आतून नव्या पितळी तांब्यासारखा झळकत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "ड्रम मागच्या गळक्या शेडमध्ये हलवायला सांगा." मग बुश खाली ठेवत, "कितीही पाऊस लागला तरी."

"ता तुमी बगा," काकी म्हणाल्या. "मास्तर, मना तुमचं कामकरी दाखवा."

सर त्यांना आत घेऊन गेले, मीही गेले. नवीन तेल नुकतंच गाळून भांड्यात ठेवलं होतं, आता तापवायचं राहिलं होतं. मी हीटरकडे वळले आणि सर, पहिल्यांदा तेल तापवलं त्या दिवसापासूनच्या सवयीने, दाराकडे.

"खय हायत?" काकी भांड्यात डोकावल्या.

"यात. बारीक आहेत, दिसत नाहीत," सर दारातून म्हणाले.

"किती काम केलान यांनी?"

"दीड दिवस."

"जरा पन बसलं नाय?"

"एक क्षण नाही."

"आनी आता?"

सर बाहेर पॅसेजकडे बघायला लागले. मीच सांगितलं की आता तेल तापवायचं, म्हणजे ते निकामी होतात.

काकींनी पिशवी खाली ठेवली. डोक्यावरून पदर घेतला, आणि गिरणीला करतात तसा त्या भांड्याला दोन्ही हात जोडून, वाकून नमस्कार केला. ओठ हलत होते. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

सर दारातून परत आत आले.

"मॅडम, तुम्ही थांबा," ते मला म्हणाले. काकींचे हात खाली येईपर्यंत ते उभे राहिले, आणि मग त्यांनी स्वतः बटण फिरवलं.